‘ग्रीन कार्ड’च्या प्रतीक्षेतील नोकरी : नियम काय सांगतात?

अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या भारतीयांपैकी अनेकजण काही वर्षांतच ‘ग्रीन कार्ड’साठी, म्हणजेच कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करतात. अर्ज दाखल झाला की निम्मी लढाई जिंकली, असा पुण्या-मुंबईतील नातेवाईकांचा समज असतो. प्रत्यक्षात अर्ज दाखल होणे आणि कार्ड हातात पडणे यांत भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत दहा वर्षांहून अधिक काळ जाऊ शकतो. या काळात घर घेतले जाते, मुले शाळेत जातात, नोकऱ्या बदलतात, काही वेळा जातातही. या साऱ्या वर्षांत अर्जदाराला कायदेशीररीत्या काम कशाच्या आधारे करता येते, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो. त्याचे उत्तर चुकले तर केवळ नोकरी नव्हे, तर ज्या अर्जासाठी इतकी वर्षे वाट पाहिली तो अर्जच धोक्यात येऊ शकतो.

यातील मूळ तत्त्व साधे आहे. ग्रीन कार्डासाठी अर्ज प्रलंबित असणे म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. काम करण्याचा अधिकार स्वतंत्रपणे असावा लागतो. तो एक तर ‘एच-१बी’ किंवा ‘एल-१’सारख्या व्हिसाच्या दर्जातून मिळतो किंवा ‘एम्प्लॉयमेंट ऑथरायझेशन डॉक्युमेंट’ अर्थात ‘ईएडी’ या कामाच्या परवान्यातून. कोणता आधार कोणत्या टप्प्यावर उपलब्ध असतो, हे समजण्यासाठी आधी प्रक्रिया समजून घ्यावी लागते.

प्रक्रियेचे तीन टप्पे

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची वाट बहुतेकांसाठी तीन टप्प्यांची असते. पहिला टप्पा अमेरिकेच्या कामगार खात्याकडे असतो. या पदासाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी कर्मचारी उपलब्ध नाही, हे कंपनीला जाहिरात देऊन सिद्ध करावे लागते. २८ मार्च २००५ पासून ही प्रक्रिया ‘पर्म’ या नावाने ओळखली जाते. व्यावसायिक स्वरूपाच्या पदांसाठी वृत्तपत्राच्या दोन रविवारच्या अंकांत जाहिरात देण्याची अट या प्रक्रियेत आहे. या टप्प्याचा वकिलाच्या शुल्कासह सर्व खर्च कंपनीनेच करावा, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करू नये, असा नियम जुलै २००७ पासून लागू आहे.

दुसऱ्या टप्प्यात कंपनी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजेच ‘यूएससीआयएस’कडे ‘आय-१४०’ हा अर्ज करते. कर्मचारी पदासाठी पात्र आहे आणि कंपनीची वेतन देण्याची ऐपत आहे, याची छाननी येथे होते. तिसरा टप्पा ‘आय-४८५’ या अर्जाचा. हा अर्ज कर्मचारी स्वतः आपल्या व कुटुंबीयांच्या नावे करतो. अमेरिकेतच राहून तात्पुरत्या दर्जातून कायमस्वरूपी दर्जात जाण्याची ही विनंती असते.

पहिल्या टप्प्यातील अर्ज ज्या दिवशी कामगार खात्याकडे दाखल होतो, ती तारीख अर्जदाराची ‘प्रायॉरिटी डेट’ ठरते. रांगेतील त्याचा क्रमांक या तारखेवरूनच लागतो. ज्या प्रवर्गांत ‘पर्म’ची गरज नसते, तेथे ‘आय-१४०’ दाखल झाल्याची तारीख धरली जाते.

रांग एवढी लांब का?

नोकरीच्या आधारे द्यावयाच्या ग्रीन कार्डांची संख्या १९९० च्या कायद्याने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार अशी ठरवून दिली आहे. यात अर्जदारांबरोबर त्यांचे पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असेही बंधन आहे. इतर देशांनी न वापरलेले क्रमांक काही वेळा भारताच्या वाट्याला येतात. तथापि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रामुळे भारतातून येणाऱ्या अर्जांची संख्या या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्याने रांग वाढतच गेली. येथे नागरिकत्व नव्हे, तर जन्मस्थान पाहिले जाते. नागपुरात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला अर्जदारही भारताच्याच रांगेत उभा राहतो. मात्र पती किंवा पत्नीचा जन्म अन्य देशात झाला असेल, तर त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो.

कोणाची पाळी आली, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’मधून जाहीर करते. ऑक्टोबर २०१५ पासून यात दोन तक्ते असतात. एक अंतिम निर्णयाच्या तारखांचा, तर दुसरा अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ‘ईबी-२’ प्रवर्गात भारतासाठी अंतिम निर्णयाची तारीख एप्रिल २०१३ ची होती. याचा अर्थ, बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांची पाळी तेव्हा येत होती.

‘आय-४८५’ पूर्वीची वर्षे

रांग लांब असल्याने बहुसंख्य भारतीयांची सर्वाधिक वर्षे ‘आय-१४०’ मंजूर झालेला, पण ‘आय-४८५’ दाखल करता येत नाही, अशा मधल्या अवस्थेत जातात. या काळात ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतून कामाचा कोणताही परवाना मिळत नाही. आधार असतो तो व्हिसाच्या दर्जाचाच.

‘एच-१बी’ आणि ‘एल-१’ हे दर्जे या दृष्टीने सोयीचे आहेत. तात्पुरते वास्तव्य आणि कायमस्वरूपी स्थायिक होण्याची इच्छा, असा दुहेरी हेतू कायद्याने या दोहोंना मान्य आहे. विद्यार्थ्यांच्या ‘एफ-१’ दर्जाला ही मुभा नाही. त्यामुळे शिक्षणानंतरच्या ‘ओपीटी’वर काम करणाऱ्यांना ग्रीन कार्डाची प्रक्रिया रेटण्यापूर्वी ‘एच-१बी’ मिळवणे इष्ट ठरते.

‘एच-१बी’ची कमाल मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षांची, ‘एल-१ए’ची सात आणि ‘एल-१बी’ची पाच वर्षांची असते. ‘एल-१’ला या मर्यादेपुढे मुदतवाढ नाही. ‘एच-१बी’ला मात्र ऑक्टोबर २००० मध्ये संमत झालेल्या ‘एसी-२१’ या कायद्याने दोन वाटा खुल्या केल्या. ‘पर्म’ किंवा ‘आय-१४०’ दाखल होऊन ३६५ दिवस उलटले असतील, तर सहा वर्षांनंतर एकेका वर्षाची वाढ मिळते. ‘आय-१४०’ मंजूर असून केवळ देशनिहाय मर्यादेमुळे पाळी आली नसेल, तर एका वेळी तीन वर्षांपर्यंतची वाढ मिळते आणि पाळी येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा घेता येते.

येथे वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. समजा, ठाण्यात जन्मलेला एक अभियंता ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘एच-१बी’वर अमेरिकेत रुजू झाला. त्याची सहा वर्षे सप्टेंबर २०२५ मध्ये संपतात. कंपनीने ‘पर्म’चा अर्ज मार्च २०२३ मध्ये केला आणि २०२४ मध्ये ‘आय-१४०’ मंजूर झाला, तर त्याला तीन वर्षांची वाढ निर्वेध मिळू शकते. हाच अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला असेल, तर सहा वर्षे संपताना ३६५ दिवस भरत नाहीत. ‘पर्म’ त्याआधी मंजूर होऊन ‘आय-१४०’ही मार्गी लागला नाही, तर त्याला देश सोडावा लागतो. एकच दिलासा म्हणजे या सहा वर्षांत सुट्टी वा कामानिमित्त अमेरिकेबाहेर काढलेले दिवस पुराव्यानिशी परत मिळवता येतात. दरवर्षी तीन आठवडे भारतात आलेल्यांना याचा चांगलाच उपयोग होतो. प्रक्रिया चौथ्या वर्षाच्या आत सुरू करावी, असा सल्ला वकील देतात तो यामुळेच.

‘ईएडी’ म्हणजे नेमके काय?

‘आय-४८५’ दाखल करण्याची पाळी आली की परिस्थिती बदलते. या अर्जासोबत किंवा त्यानंतर ‘आय-७६५’ हा अर्ज भरून ‘ईएडी’ मागता येतो, तर ‘आय-१३१’ भरून ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ हा परदेश प्रवासाचा परवाना मागता येतो. १ एप्रिल २०२४ पूर्वी ‘आय-४८५’च्या शुल्कातच या दोन्ही अर्जांचा समावेश होता. त्या दिवसापासून त्यांचे शुल्क वेगळे भरावे लागते.

‘ईएडी’ हाती आला की अर्जदार कोणत्याही कंपनीत काम करू शकतो. पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा स्वतःचा व्यवसायही करता येतो. ‘एच-१बी’त ही मोकळीक नाही. तेथे ज्या कंपनीने अर्ज केला, त्याच कंपनीत, अर्जात नमूद केलेल्या पदावरच काम करावे लागते. मात्र परवान्यासाठी अर्ज केल्याची पावती म्हणजे परवाना नव्हे. पहिले कार्ड मंजूर होईपर्यंत त्याच्या आधारे एक दिवसही काम करता येत नाही.

या परवान्याच्या मुदतीबाबत अलीकडे मोठे बदल झाले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यूएससीआयएस’ने प्रलंबित ‘आय-४८५’वरील ‘ईएडी’ची कमाल मुदत पाच वर्षे केली होती. ५ डिसेंबर २०२५ रोजी प्रलंबित असलेल्या आणि त्यानंतर दाखल झालेल्या अर्जांसाठी ती १८ महिन्यांवर आणण्यात आली. त्याआधी ३० ऑक्टोबर २०२५ रोजी आणखी एक बदल झाला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल, तर जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप ग्राह्य धरला जात असे. त्या दिवसापासून दाखल झालेल्या अर्जांना ही सवलत उरली नाही. त्यापूर्वी अर्ज केलेल्यांची सवलत कायम ठेवण्यात आली.

या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम गंभीर आहे. नवा परवाना हाती येण्यापूर्वी जुन्याची मुदत संपली, तर केवळ ‘ईएडी’वर अवलंबून असलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून काम थांबवावे लागते. कंपनीची इच्छा असली, तरी ती त्याला कामावर ठेवू शकत नाही. मुदत संपण्यापूर्वी १८० दिवसांपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तो पहिल्याच संधीला करणे आता निव्वळ दक्षता नव्हे, तर गरज ठरली आहे.

‘एच-१बी’ सोडावा का?

‘ईएडी’ मिळाल्यावर ‘एच-१बी’ चालू ठेवावा की सोडून द्यावा, हा नेहमीचा प्रश्न. ‘ईएडी’ नुसता खिशात असल्याने ‘एच-१बी’चा दर्जा जात नाही. पण त्याच्या आधारे दुसऱ्या कंपनीत काम सुरू केले किंवा जोडधंदा म्हणून एखादे काम स्वीकारले की तो दर्जा सुटतो. त्यानंतर अर्जदार अमेरिकेत राहतो तो केवळ प्रलंबित अर्जाच्या आधारावर.

कोणत्याही कारणाने ‘आय-४८५’ नामंजूर झाला, तर ‘एच-१बी’ जपलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या जुन्या दर्जावर काम करत राहता येते. तो सोडलेल्याला मात्र उभे राहायला जमीनच उरत नाही. नामंजुरीनंतर वैध दर्जा नसलेल्यांना स्थलांतर न्यायालयाची नोटीस देण्याचे धोरण ‘यूएससीआयएस’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केल्याने हा धोका अधिक ठळक झाला आहे.

दुसरा फरक मुदतवाढीचा. ‘एच-१बी’ची मुदत संपण्यापूर्वी त्याच कंपनीने वाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत २४० दिवस काम करता येते. ‘ईएडी’च्या नूतनीकरणात ती सोय ऑक्टोबर २०२५ नंतर राहिली नाही. त्यामुळे शक्य असेल तोवर ‘एच-१बी’ चालू ठेवावा आणि ‘ईएडी’ राखीव आधार म्हणून जपावा, हा जुना सल्ला आता अधिकच लागू पडतो. ‘एच-१बी’ची मुदतवाढ मिळण्यासारखी नसेल, किंवा कंपनी त्यासाठी तयार नसेल, तर अर्थातच ‘ईएडी’ला पर्याय राहत नाही.

‘गांधीगिरी’ने उघडलेला दरवाजा

‘आय-४८५’ दाखल करण्याची संधी किती मोलाची असते, याची प्रचिती २००७ च्या जुलैमध्ये आली. त्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये नोकरीच्या जवळपास सर्व प्रवर्गांसाठी दरवाजे खुले होत असल्याचे जाहीर झाले होते. हजारो कुटुंबांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागदपत्रे जमवली, सुट्ट्या रद्द केल्या. मात्र २ जुलै रोजी परराष्ट्र खात्याने क्रमांक संपल्याचे सांगून ही घोषणा मागे घेतली.

अर्जदारांनी निषेधासाठी जो मार्ग निवडला, तो हिंदी चित्रपटातून आलेला होता. आदल्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधील ‘गांधीगिरी’ आठवून त्यांनी ‘यूएससीआयएस’च्या संचालकांच्या कार्यालयात फुलांचे गुच्छ पाठवले. ही फुले पुढे जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचवण्यात आली. १७ जुलै रोजी निर्णय फिरवण्यात आला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. त्या महिनाभरात ज्यांनी अर्ज दाखल केला, त्यांच्यापैकी अनेकांना ग्रीन कार्डासाठी पुढेही वर्षानुवर्षे थांबावे लागले, परंतु दोघांनाही कामाचा परवाना आणि नोकरी बदलण्याची मुभा मिळाली. ज्यांची संधी हुकली, ते एकाच कंपनीशी बांधलेले राहिले.

नोकरी बदलताना

‘एच-१बी’वरील कर्मचारी नवी नोकरी घेऊ शकतो. नव्या कंपनीचा अर्ज वेळेत व योग्य रीतीने दाखल झाल्यावर निकालाची वाट न पाहता तेथे रुजू होता येते. ही सवलतही ‘एसी-२१’ कायद्याचीच. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेचे काय होते, हे मात्र टप्प्यावर अवलंबून असते.

‘आय-१४०’ मंजूर होण्यापूर्वी नोकरी सोडली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. मंजुरीनंतर सोडली, तर नव्या कंपनीला ‘पर्म’ व ‘आय-१४०’ नव्याने करावे लागतात, पण जुनी ‘प्रायॉरिटी डेट’ सर्वसाधारणपणे कायम राहते. मंजुरीला १८० दिवस पूर्ण झाले असतील, तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी केवळ त्या कारणाने मंजुरी रद्द होत नाही आणि सहा वर्षांपुढील ‘एच-१बी’ वाढीसाठी ती वापरता येते. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी ही बाब स्पष्ट केली. फसवणूक किंवा मूळ मंजुरीतील गंभीर चूक आढळल्यास मात्र हे संरक्षण मिळत नाही.

‘आय-४८५’ दाखल होऊन १८० दिवस उलटल्यावर ‘त्याच किंवा तत्सम’ स्वरूपाच्या नोकरीत जाता येते आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागत नाही. यासाठी ‘सप्लिमेंट जे’ हे पुरवणी प्रपत्र नव्या कंपनीच्या सहीनिशी द्यावे लागते. पदाचे नाव सारखे असण्यापेक्षा कामाचे स्वरूप, आवश्यक कौशल्ये आणि शिक्षण यांत साम्य असणे महत्त्वाचे. संगणक अभियंत्याने त्याच क्षेत्रात वरिष्ठ पदावर जाणे सहसा अडचणीचे ठरत नाही. त्यानेच उपाहारगृहाचा व्यवस्थापक होणे मात्र चालणार नाही.

नोकरी गेली तर

२०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, तेव्हा ‘६० दिवस’ हा शब्द अनेक मराठी घरांत ऐकू आला. ‘एच-१बी’, ‘एल-१’ आदी दर्जांवरील कर्मचाऱ्याची नोकरी गेल्यास त्याला कमाल ६० दिवसांची सवलत मिळते. दर्जाची मुदत त्याआधीच संपत असेल, तर तेवढेच दिवस. या काळात राहता येते, काम करता येत नाही. नव्या कंपनीने अर्ज दाखल करणे, पती वा पत्नीच्या आधाराने दर्जा बदलणे किंवा देश सोडणे, हे प्रमुख पर्याय उरतात.

‘आय-४८५’ प्रलंबित असणाऱ्यांची स्थिती बरीच सुरक्षित असते. अर्ज प्रलंबित असेपर्यंत त्यांना राहता येते आणि वैध ‘ईएडी’ असल्यास दुसरीकडे कामही करता येते. १८० दिवस पूर्ण झाले असल्यास तत्सम नोकरी शोधून अर्ज पुढे चालू ठेवता येतो. ‘आय-१४०’ मंजूर, पण ‘आय-४८५’ नाही, अशांसाठी गंभीर आजारपण वा तत्सम असाधारण अडचणीत मर्यादित काळाचा ‘ईएडी’ मागण्याची तरतूद २०१७ पासून आहे. मात्र त्यावर काम सुरू केले की ‘एच-१बी’चा दर्जा जातो. त्यामुळे तो अखेरचा उपाय मानला जातो.

पती-पत्नी आणि मुले

‘एच-१बी’धारकाच्या पती वा पत्नीला ‘एच-४’ दर्जावर काम करता येत नाही, ही अट अनेक उच्चशिक्षित स्त्रियांच्या कारकिर्दीला मारक ठरत असे. २६ मे २०१५ पासून ज्यांच्या जोडीदाराचा ‘आय-१४०’ मंजूर आहे किंवा ज्याला सहा वर्षांपुढील वाढ मिळाली आहे, त्यांना ‘ईएडी’ मागता येतो. या नियमाला अमेरिकी तंत्रज्ञांच्या एका संघटनेने आव्हान दिले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अपिली न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मात्र नूतनीकरणाच्या काळातील आपोआप मुदतवाढ या परवान्यालाही ३० ऑक्टोबर २०२५ पासून उरलेली नाही.

‘एल-१’धारकांच्या जोडीदारांची स्थिती याहून सोपी आहे. नोव्हेंबर २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर त्यांना दर्जाबरोबरच कामाचा अधिकार मिळतो. त्यांच्या ‘आय-९४’ या आगमन नोंदीवर ‘एल-२एस’ अशी खूण असली की वेगळ्या ‘ईएडी’ची गरज राहत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा. मूल २१ वर्षांचे झाले की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने ‘आय-१४०’ प्रलंबित राहिल्याचे दिवस वयातून वजा करता येतात. मात्र हे वय कोणत्या तक्त्यावरून मोजायचे, याचे धोरण १५ ऑगस्ट २०२५ पासून बदलले असून आता अंतिम निर्णयाच्या तारखांचाच तक्ता धरला जातो. वयाची मर्यादा ओलांडलेल्या मुलाला स्वतःचा वेगळा दर्जा शोधावा लागतो. दोन-तीन वर्षांचे असताना अमेरिकेत आलेल्या आणि तेथेच शिकलेल्या मुलांवर विद्यार्थी व्हिसा घेण्याची वेळ येते ती यामुळेच.

भारतात येण्यापूर्वी

‘आय-४८५’ प्रलंबित असताना ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ मंजूर होण्यापूर्वी अमेरिका सोडली, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. ‘एच-१बी’ व ‘एल-१’धारक आणि त्यांचे त्या दर्जावरील कुटुंबीय यांना यातून सूट आहे. वैध व्हिसावर त्याच दर्जात परतल्यास त्यांचा अर्ज टिकतो. मात्र पारपत्रावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत किंवा भारतातील अन्य केंद्रावर जावे लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून ‘एच-१बी’ व ‘एच-४’ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराचीही छाननी सुरू झाली आणि त्या सुमारास मुलाखतींच्या अनेक तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नासाठी वा आईवडिलांच्या आजारपणासाठी आलेले अनेकजण त्यामुळे अडकून पडले. ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ हाती असलेल्यांना परतीसाठी हा शिक्का लागत नाही, हा त्या कागदाचा मोठा फायदा आहे.

बेकायदा काम कशाला म्हणतात?

परवानगीवाचून केलेले काम म्हणजे केवळ रोखीने घेतलेली मजुरी, असे अनेकांना वाटते. नियमांची व्याप्ती त्याहून मोठी आहे. ‘एच-१बी’वर असताना सुट्टीच्या दिवशी टॅक्सी-ॲपवर गाडी चालवणे, मोबदला घेऊन शिकवण्या किंवा कॅटरिंग करणे, मित्राच्या कंपनीचे हिशेब पाहणे हे सारे त्यात येऊ शकते. परवाना नसताना अमेरिकेतील घरी बसून भारतातील कंपनीचे काम करणेही जोखमीचे आहे. पगार कोणत्या देशात जमा झाला यापेक्षा काम कोठे बसून केले, हे पाहिले जाते. शेअरमधील गुंतवणूक किंवा भारतातील घराचे भाडे यांसारखे उत्पन्न मात्र सर्वसाधारणपणे काम समजले जात नाही.

नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्यांना कायद्याने थोडी सवलत दिली आहे. अमेरिकेत शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर दर्जाचा भंग किंवा विनापरवाना काम मिळून १८० दिवसांपेक्षा अधिक झाले नसेल, तर ‘आय-४८५’ मंजूर होऊ शकतो. पण ही चूक माफ होण्याची मर्यादा आहे, काम करण्याची परवानगी नव्हे. अमेरिकी नागरिकाशी विवाह केलेल्यांना याबाबत अधिक सवलत असली, तरी ‘ईएडी’ मिळण्यापूर्वी काम सुरू करण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

कामावर घेताना प्रत्येक कंपनीला १९८६ च्या कायद्यानुसार ‘आय-९’ हे प्रपत्र भरून कर्मचाऱ्याचा कामाचा अधिकार पडताळावा लागतो. स्वीकारार्ह कागदपत्रांच्या यादीतून कोणती द्यायची, हे ठरवण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा असतो. ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असा आग्रह कंपनीला धरता येत नाही.

लक्षात ठेवावे असे

* ‘एच-१बी’ची सहा वर्षे केव्हा संपतात आणि ‘पर्म’ला ३६५ दिवस केव्हा पूर्ण होतात, या दोन तारखा लिहून ठेवाव्यात.
* ‘आय-१४०’च्या मंजुरीची प्रत किंवा निदान पावती क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. हा अर्ज कंपनीचा असल्याने नोकरी सुटल्यावर प्रत मिळवणे अवघड जाते.
* ‘ईएडी’च्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी १८० दिवसांची खिडकी उघडताच करावा.
* पगाराच्या पावत्या, करविवरणपत्रे, सर्व ‘आय-९४’ नोंदी व मंजुरीच्या नोटिसा जपून ठेवाव्यात. काम अखंड व कायदेशीर होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते.
* पत्ता बदलल्यास दहा दिवसांच्या आत ‘यूएससीआयएस’ला कळवावे. परवाने टपालाने येतात.
* नोकरी बदलण्यापूर्वी आणि भारताचे तिकीट काढण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. कंपनीचा वकील कंपनीच्या हिताचाही विचार करत असतो.

अर्जाचा निकाल अर्जदाराच्या हाती नसतो, तारखा पुढे सरकण्याचा वेगही नसतो. त्याच्या हाती असते ते प्रत्येक दिवशी कामाचा वैध आधार जवळ असण्याची खातरजमा करणे. हे नियम वर्षागणिक, आणि २०२५ मध्ये तर महिन्यागणिक बदलले आहेत. त्यामुळे मित्राने चार वर्षांपूर्वी जे केले तेच आज चालेल, असे गृहीत न धरता प्रत्येक पावलापूर्वी ‘यूएससीआयएस’च्या संकेतस्थळावरील ताजी सूचना पाहणे श्रेयस्कर ठरेल.